बाळ आणायला निघताना



दत्तकाबद्दल आपल्या घरांत आता थोडे मोकळेपणाने बोलले जाते. २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बाल न्याय कायद्यानुसार कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येते. सक्ती कुणावरच नाही. नाव, वारसा, परदा यांविषयीच्या शरई बाबी आलिमांना विचाराव्यात. आज फक्त प्रवास आणि तब्येत.

‘कारा’कडून बाळाची माहिती आली, की ४८ तासांत पसंती नोंदवायची आणि त्यानंतर ३० दिवसांत अंतिम होकार द्यायचा असतो. मुदत थोडी, म्हणून ओळखीचा बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा. बाळाचा वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवण्याचा हक्क नियमांनीच दिला आहे. वजन, डोक्याचा घेर, रक्ताचे रिपोर्ट, ऐकू येते का, मान कधी धरली, हे सगळे विचारून घ्या. घरात कुणाला जुना खोकला असेल, तर त्याची तपासणी बाळ येण्याआधीच करा.

संस्था दुसऱ्या राज्यातही असू शकते. लिंबागणेशहून बीड, पुढे रात्रीची गाडी, आणि परतताना कुशीत अनोळखी लेकरू. म्हणून बॅग विचारपूर्वक भरा:

• संस्थेत चालते तीच दुधाची पावडर आणि तशीच बाटली. दूध एकदम बदलू नका.
• थर्मासमध्ये उकळलेले पाणी, लंगोट, जास्तीचे कपडे, टोपी, मऊ चादर.
• थर्मामीटर, ओआरएसची पाकिटे आणि डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेले तापाचे औषध, मात्रेच्या चिठ्ठीसह.
• कागदपत्रांची वेगळी पिशवी, नेहमी हाताशी.

संस्थेतून निघण्याआधी लसीकरण कार्ड, आजारपणाची माहिती आणि फोटोंचा अल्बम मागून घ्या. झोपण्या-खाण्याच्या वेळाही लिहून घ्या. बाळाची वापरातली एखादी चादर मिळाली तर न धुता आणा. ओळखीच्या वासाने ते शांत होते.

वाटेत जुलाब झाले तर ओआरएस द्या, दूध बंद करू नका. बाळ सुस्त पडले, पीत नसेल, लघवी कमी झाली, तर पुढचे स्टेशन गाठून डॉक्टर पाहा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंशांपर्यंत ताप चढला, तर घरी पोहोचायची वाट पाहू नका.

घरी आल्यावर दादी-नानी मायेने मध चाटवायला येतील. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळ आणि घुट्टीही नको. आठवडाभरात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि राहिलेल्या लसी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत पूर्ण करा.

आणि दावत थोडी पुढे ढकला. मुबारकबाद द्यायला आलेले लोक बाळाला हातोहात फिरवतात. त्याला मात्र आधी एकाच कुशीची ओळख व्हायला हवी. पाहुणे पंधरा दिवसांनी आले, तरी त्यांची दुआ पोहोचतेच.