एका गटाचा झोन, साऱ्या गावाचा प्रश्न



'ग्रीन झोनचा यलो झोन करून घेतला' ही भाषा आता मोठ्या शहरांतल्या दलालांपुरती राहिलेली नाही. शहराला लागून असलेल्या आणि नव्या रस्त्यांच्या कडेच्या गावांत ती चहाच्या टपरीवर ऐकू येते. प्रादेशिक योजनेच्या नकाशात शेती विभागात दाखवलेला आपला गट रहिवासी किंवा औद्योगिक विभागात घ्या, असा अर्ज एखादा मालक करतो. गावाला त्याचा पत्ता लागतो तो पुष्कळदा हरकतींची मुदत संपल्यावर, नाहीतर जेसीबी बांधावर उभा राहिल्यावर.

आमची भूमिका आधीच स्पष्ट करतो. झोन बदलणे हे पाप आहे असे आम्ही मानत नाही. शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या तोट्याची शेती करावी आणि शहराने त्याच्या हिरवळीकडे पाहून डोळे निववावेत, हा न्याय आम्हाला मान्य नाही. शेतमालाला भाव मिळू द्यायचा नाही आणि वर नकाशात हिरवा रंग भरून जमिनीची किंमतही दाबून ठेवायची, हा दुहेरी मार आहे. आमची हरकत आहे ती एकेक गट वेगळा काढून, गावाच्या नकळत झोन बदलण्याला.

समजा, एका बांधाच्या दोन बाजूंना दोन गट आहेत. माती तीच, पाणी तेच, रस्ता तोच. अलीकडच्या शेतकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी जमीन शेतीच्या भावाने विकली. घेणाऱ्याने दोन-तीन वर्षांत झोन बदलून घेतला. जमिनीत एक पैशाची सुधारणा झाली नाही, नकाशातला रंग तेवढा बदलला, आणि वाढलेली सारी किंमत घेणाऱ्याच्या खिशात गेली. पलीकडचा शेतकरी मात्र हिरव्या पट्ट्यातच राहिला, कारण मुंबईच्या खेपा त्याला परवडत नाहीत.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे प्रादेशिक योजनेत फेरबदल करता येतो. राजपत्रात नोटीस निघते, हरकती-सूचना मागवल्या जातात, त्यावर अहवाल होतो आणि शासन निर्णय देते. शहराच्या विकास योजनेतल्या किरकोळ फेरबदलासाठी कलम ३७ आहे. म्हणजे हरकतीचा हक्क आहे. पण राजपत्र वाचतो कोण? आणि कलम २० मध्ये ग्रामसभेच्या ठरावाची अट नाही.

आता मातीचे आणि पाण्याचे बोलू. एका हेक्टरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० लाख लिटर पाणी पडले. जमीन मोकळी असेल तर त्यातले बरेचसे मुरते आणि विहिरींना लागते. तीच जमीन काँक्रीट आणि डांबराखाली गेली की जवळजवळ सगळे पाणी ओढ्याला लागते आणि खालच्या शेतकऱ्याचा बांध घेऊन जाते. कालव्याच्या लाभक्षेत्रात मधलाच गट बिनशेती झाला तर चारी बुजते आणि शेपटाकडच्यांचे पाणी तुटते. पाणीवापर संस्थेचा खर्च उरलेल्यांच्या माथी येतो. अर्ज एका गटाचा असला तरी परिणाम साऱ्या शिवारावर होतो.

शेतकऱ्यांनी एकजुटीने केले तर काय होते, हेही पाहा. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली. ती बिल्डरला विकली नाही; स्वतःची कंपनी काढून तिचे भागधारक झाले. सगळ्याच गावांना हे जमेल असे नाही. पण झोन बदलाचा लाभ मूळ मालकाला मिळू शकतो, हे तिथे सिद्ध झाले.

निर्णयाची रीतही वेगळी असू शकते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९७३ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाला, राज्याने ठरवलेल्या उद्दिष्टांना धरून जमीनवापराची योजना करावी लागते. तिथे असा अर्ज आला की शेजारच्या जमीनमालकांना नोटीस जाते. अधिकाऱ्यांचा अहवाल सुनावणीच्या किमान सात दिवस आधी पाहायला मिळतो. जाहीर सुनावणी होते, आणि कोणत्या निकषावर कोणता पुरावा धरला, हे निर्णयात लेखी द्यावे लागते. पटले नाही तर १९७९ साली खास यासाठी स्थापन झालेल्या अपील मंडळाकडे जाता येते. तिथेही सगळे गोड नाही. बंधनांमुळे जमिनीची किंमत घटली तर भरपाई द्या, नाहीतर बंधन उठवा, असा कायदा मतदारांनी २००४ मध्ये केला आणि २००७ मध्ये मतदानानेच तो बराच आवळला. मालकीहक्क आणि योजना यांचे भांडण तिथेही आहे. पण ते चारचौघांत होते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो.

१. झोन बदलाची प्रत्येक नोटीस गट नंबर आणि नकाशासह गावच्या चावडीवर लागावी आणि लगतच्या सर्व खातेदारांना पोचावी.

२. सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी आणि तीत ग्रामसभेचा ठराव विचारात घ्यावा.

३. निर्णयाची कारणे लेखी द्यावीत. ज्या कारणाने एका गटाचा झोन बदलला, ते ज्या शेजारच्या गटांना लागू पडते त्यांचाही झोन त्याच वेळी बदलावा.

४. ओढे, चाऱ्या, विहिरी आणि पाणंद नकाशावर दाखवाव्यात आणि त्या राखण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकावी.

बैठकीला येताना मोकळ्या हाताने येऊ नका. नगररचना कार्यालयातून आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. गावात कुणाचा अर्ज गेल्याचे कानावर आले असेल, तर त्या गटाचा सातबारा आणि फेरफार काढा. जमीन कधी, कुणाकडून घेतली ते त्यावरून कळेल. हरकत लिहिताना 'आमचा विरोध आहे' एवढेच लिहून थांबू नका. चारी कुठून जाते, ओढा किती रुंद आहे, खाली किती विहिरी आहेत, ते लिहा आणि कागदाची पोच घ्या. या गावाला त्या गावाचे कागद पाहता यावेत म्हणून प्रत्येक कागदाच्या दोन प्रती आणा.