शस्त्रक्रियेआधीचे सहा आठवडे

वाराणसीतील अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. गंगेवरून वर येणारे माझ्या वयाचे यात्रेकरू त्या चढताना वारंवार थांबतात, गुडघ्यावर हात टेकतात आणि पुन्हा निघतात. १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार पाहणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी काशीत विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, तसेच घाटही बांधला. देशभरात विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. देवदर्शनाइतकीच तिथवर पोहोचण्याची सोय महत्त्वाची आहे, ही जाण त्या कामांत दिसते. आपल्या आरोग्यधोरणात नेमकी हीच जाण कमी पडते.

सांधेरोपणाच्या बाबतीत शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची कमाल किंमत करांखेरीज ५४,७२० रुपये ठरली. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण दिले आणि २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ते खुले झाले. मात्र ही योजना रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या ३ आणि घरी परतल्यानंतरच्या १५ दिवसांचाच खर्च मोजते. रुग्णाचे शरीर ३ दिवसांत तयार होत नाही.

ही तयारी खर्चिक नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारे साधे व्यायाम, कुबडी किंवा वॉकर घेऊन चालण्याचा सराव, आहारात पुरेशी प्रथिने, आटोक्यातली रक्तशर्करा, धूम्रपान व तंबाखू बंद आणि रक्तक्षयावर आधीच उपचार, एवढेच त्यात येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे; साठीनंतर तो आपोआप नाहीसा होत नाही. घरात भारतीय बैठकीऐवजी कमोडची सोय करणे, हाही तयारीचाच भाग.

या उपायांबद्दल अवास्तव दावे करू नयेत. पूर्वतयारीचा लाभ प्रामुख्याने शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. वर्षभरानंतर तयारी केलेल्या व न केलेल्या रुग्णांमधील अंतर फारसे उरत नाही. पडून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला तर थांबवून ठेवणेच धोक्याचे असते. पण हातावर पोट असलेल्या घरात आजी चार आठवडे आधी स्वतःच्या पायावर उभी राहिली, तर सुनेची किंवा लेकीची चार आठवड्यांची मजुरी वाचते. धोरणकर्त्यांनी हा हिशेबही मांडायला हवा.

नियोजित शस्त्रक्रियेसाठी सरकारी रुग्णालयांत प्रतीक्षा करावी लागते, हे वास्तव आहे. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांनी प्रतीक्षायादीचे रूपांतर तयारीच्या यादीत करावे, असा आग्रह धरला आहे. आपल्याकडे तर त्यासाठी नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरे आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि जिल्हा रुग्णालयांत भौतिकोपचाराची तरतूदही आहे. यांना एका धाग्यात ओवणारा आदेश मात्र नाही.

शासकीय सेवेतील अनुभवावरून सांगतो, ज्या कामाला स्वतंत्र लेखाशीर्ष नसते, ते काम कोणाचेच नसते. म्हणून सांधेरोपणाच्या मंजूर रकमेतच सहा आठवड्यांच्या पूर्वतयारीचा स्वतंत्र घटक असावा आणि शस्त्रक्रियेची तारीख देतानाच रुग्णाच्या हाती मराठीत, हिंदीत, त्याच्या भाषेत व्यायामाचा व तपासण्यांचा कागद पडावा. रक्तक्षय आणि मधुमेह यांची तपासणी त्याच दिवशी व्हावी, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे. महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून दोन जिल्ह्यांत याचा प्रयोग करावा आणि त्याचे आकडे जाहीर करावेत. रुग्ण वाट पाहतच असतो. त्या वेळेचा उपयोग करून घेणे शासनाच्या हाती आहे.