मेरिट मोजणाऱ्यांचे मोजमाप

आरक्षणावर वाद सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो: "मग क्रिकेटच्या टीममध्ये का नाही मागत आरक्षण?" समोरचा थोडा वाचलेला असेल तर अमेरिकेचा दाखला देतो. तिथल्या फुटबॉलमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, तेही कोट्याशिवाय. म्हणजे खेळात फक्त मेरिट चालते! आपले कार्यकर्ते इथे बहुधा विषय बदलतात. बदलू नये. त्या खेळातली निवड कशी होते ते पाहिले तर हा दाखला त्यांच्यावरच उलटतो.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे; तिथे अंडाकृती चेंडू हातात धरून खेळतात. एनएफएल या व्यावसायिक लीगचे 32 संघ दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंमधून सात फेऱ्यांत निवड करतात. याला 'ड्राफ्ट' म्हणतात. मागच्या मोसमात जो संघ तळाला, त्याला पहिली निवड. (भांडवलशाहीच्या माहेरघरात दुबळ्याला आधी संधी देण्याचा हा रिवाज 1936 पासून चालू आहे. त्यामुळे दर्जा घसरला अशी ओरड तिथे होत नाही.)

ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला 'कंबाइन' भरते. उंची, वजन, हाताच्या पंजाची लांबी, 40 यार्ड धावायला लागलेला वेळ, 225 पौंडांचे वजन किती वेळा उचलले, सगळे मोजतात. आपल्या पोलीस भरतीतही इतके मोजत नाहीत. तरी अंदाज चुकतात. टॉम ब्रेडी 2000 साली 199 वा निवडला गेला आणि पुढे सात सुपर बोल जिंकला. 2007 मध्ये पहिला निवडलेला जमार्कस रसेल तीन मोसमांत बाहेर फेकला गेला. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. एकाच जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच मागून निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त निघाली.

चूक कोणाचीही होते, हे मान्य. पण ती कोणाच्या बाबतीत, कोणत्या दिशेने होते हे बघा.

क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू समजला जातो. चेंडू कोणाकडे टाकायचा हे तो क्षणात ठरवतो. जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएलव्होग या समाजशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये दाखवले की मैदानावरच्या मध्यवर्ती जागा गोऱ्यांकडे आणि कडेच्या जागा काळ्यांकडे जातात. समाजशास्त्रात याला 'स्टॅकिंग' म्हणतात. आपण याला श्रमिकांची विभागणी म्हणतो, आणि हे कोणाकडून शिकलो ते सांगायला नको.

वॉरन मून 1978 मध्ये रोझ बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने घेतले नाही. तो कॅनडात गेला, तिथे लागोपाठ पाच विजेतेपदे मिळवली, मग एनएफएलने बोलावले. 2006 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

जुनी गोष्ट म्हणता? लमार जॅक्सनने 2016 मध्ये कॉलेज फुटबॉलची सर्वोच्च हाइसमन ट्रॉफी जिंकली होती. तरी 2018 च्या ड्राफ्टआधी बिल पोलियनसारखे नामवंत माजी अधिकारी जाहीरपणे सांगत होते की याने क्वार्टरबॅक सोडून रिसीव्हर व्हावे. म्हणजे फेकणे सोडावे, धावावे आणि झेलावे. जॅक्सन कंबाइनमध्ये 40 यार्ड धावलाच नाही. आपल्याला क्वार्टरबॅक म्हणूनच तपासा, हा त्याचा आग्रह. चार क्वार्टरबॅक त्याच्याआधी उचलले गेले, तो 32 वा. दुसऱ्याच मोसमात तो एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पोलियन यांनी नंतर आपले चुकले हे कबूल केले. पण पोलियन यांच्यासारख्यांचे ऐकून ज्यांनी जागा बदलली, त्यांची नोंद कुठे असणार?

मुलाखतीचे तर विचारूच नका. 2010 मध्ये डेझ ब्रायंट या खेळाडूला मायामी संघाच्या जनरल मॅनेजरने विचारले, तुझी आई वेश्या होती का? बातमी फुटल्यावर माफी मागितली. भरतीच्या मुलाखतीत ज्यांना आडनावावरून चाचपले गेले आहे, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

याहून उघडा पुरावा खेळ संपल्यानंतरचा आहे. डोक्याला मार लागून मेंदू निकामी झालेल्या माजी खेळाडूंना भरपाई देताना कृष्णवर्णीयांची मूळ बौद्धिक पातळीच कमी धरली जात होती. पातळी आधीच कमी, म्हणजे नुकसानही कमी, म्हणजे पैसेही कमी! दोन माजी खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा कुठे 2021 मध्ये लीगने हे थांबवायचे मान्य केले. ड्राफ्टआधी घेतली जाणारी 50 प्रश्नांची वंडरलिक बुद्धिचाचणी 2022 मध्ये बंद झाली.

फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमध्ये पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते, पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स. यातला हर्ट्स ड्राफ्टमध्ये 53 वा होता. मैदान असे बदलते आहे. निवडणाऱ्यांच्या वर जे मालक बसतात त्यांच्यात मात्र बदल नाही: 32 पैकी एकाही संघाची बहुसंख्य मालकी आजवर कृष्णवर्णीय माणसाकडे गेलेली नाही.