लसूण एवढा महाग का झाला होता?

2024 च्या सुरुवातीला अनेक शहरांत लसूण किलोला 400 रुपयांपर्यंत गेला. आई फोडणीत पाकळ्या मोजून टाकू लागली! त्याआधी 2022 मध्ये आपल्या माळव्यात, मंदसौर-नीमचकडे, हाच लसूण इतका कवडीमोल झाला की काही शेतकऱ्यांनी तो चक्क फेकून दिला. माल भरपूर, खाणारी तोंडं तेवढीच, म्हणून भाव पडला. मग अनेकांनी लागवड कमी केली. माल घटला, तोंडं तेवढीच, भाव चढला. भाजीवाल्यावर उगाच चिडू नका.

लसूण लावल्यापासून काढेपर्यंत चार-पाच महिने जातात. लावताना शेतकऱ्याला आजचा भाव दिसतो, विकायचा असतो पुढचा. आता महाग भाव पाहून सगळ्यांनीच लसूण लावला, तर काढणीच्या वेळी मंडीत काय होईल, सांगा पाहू?