ठ गोलच!

अजिंठा पाहायचा म्हणजे संभाजीनगरहून नाहीतर जळगावहून जायचं, असं आपण धरूनच चालतो. पण आमच्या वन्सं बऱ्हाणपूरच्या. त्यामुळे यंदा सुट्टीत आम्ही मध्य प्रदेशातून गेलो. बऱ्हाणपूरहून मुक्ताईनगर, बोदवड, जामनेर, पहूर करत शंभरएक किलोमीटर आलं की फर्दापूर. तिथे आपली गाडी ठेवायची आणि लेण्यांच्या बसने पुढे जायचं. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं मात्र ध्यानात ठेवा.

आता थोडं घरचं. आमची धाकटी कानडी शाळेत शिकते. तिच्या मराठीला पुण्याकडचे कुणी पाहुणे हसले होते. तेव्हापासून ती चारचौघांत मराठी बोलायला कचरते. वन्संच्या मुलाचंही तेच. शाळेत हिंदी, घरी मराठी. त्यामुळे दोघं एकमेकांशी हिंदीतच बोलत होती.

वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय, त्या कड्यात ही लेणी. इथे पाया खणून काही बांधलेलं नाही. डोंगर वरून खाली कोरत आणलाय. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन!

दहावं लेणं सगळ्यांत जुन्यांपैकी. हे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. दोन्ही बाजूंनी अष्टकोनी खांबांची रांग, असे 39 खांब, आणि टोकाला स्तूप. 1819 साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला, तेव्हा त्याला हीच कमान दिसली. त्याने एका खांबावरच्या चित्रावर आपलं नाव कोरून ठेवलं.

पण या लेण्यावर त्याहून फार जुनं एक नाव आहे. दर्शनी कमानीजवळ ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलंय, ‘वासिठीपुतस कटहादिनो घरमुख दान’. वासिष्ठीचा मुलगा कटहादी याने लेण्याचा हा दर्शनी भाग दान दिला. माणूस आईच्या नावाने ओळख सांगतो. आणि ‘घर’ हा शब्द दोन हजार वर्षांनंतरही आपल्या तोंडी जसाच्या तसा! भिक्षूंच्या खोलीला तेव्हाच्या लेखांत ‘ओवरक’ म्हणत. देवळातली आपली ओवरी ती हीच.

गाईडने पुस्तकातला लेखाचा ठसा दाखवला. ‘वासिठी’मधला ठ म्हणजे नुसतं गोल, वर वेलांटीची खूण. धाकटी पटकन म्हणाली, “आई, आमचा कानडी ठ पण गोलच की! आत फक्त टिंब.” आत्याचा मुलगा म्हणाला, “मराठीतला पण गोलच, वर दांडी दिली एवढंच.” हे दोघं मराठीत बोलले, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. वन्सं माझ्याकडे बघून हसल्या.

कानडी आणि देवनागरी, दोन्ही लिप्यांची आजी ब्राह्मीच. आपल्या मुलांना दोन्ही येतात. मग त्यांचं मराठी कानडी वळणाचं म्हणून कमी कसं? एका आजीच्या दोन नातींशी ज्याची ओळख, तो घरचाच की.

तुम्ही गेलात तर मुलांना दहाव्या लेण्याशी थोडं थांबू द्या. भिंतीला हात लावू देऊ नका. मात्र वहीत ठ जरूर काढायला सांगा, तिन्ही लिप्यांतला!