डिस्नेलँडला किती दिवस?

रांजणगावात आयुष्य काढलेल्या माणसाला घाईत देव बघणारी माणसं लगेच ओळखू येतात. महागणपतीला अष्टविनायकाच्या बसेस सारख्या येत असतात. शास्त्राप्रमाणे हा आठवा गणपती, पण दोन दिवसांत आठही गणपती उरकणाऱ्यांच्या वेळापत्रकात तो जिथे बसेल तिथे बसवलेला असतो. एकूण फेरा साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. त्यात पाली आणि महड पार रायगडात, सिद्धटेक भीमेपलीकडे नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं), आणि आमच्या नगर रोडची वाहतूक तर काय सांगावी! बस थांबते, "वीस मिनिटं हं मंडळी" अशी आरोळी होते, निम्मी माणसं दर्शनाच्या रांगेत आणि निम्मी स्वच्छतागृहाच्या. एकदा एका बाईंनी देवळातून बाहेर पडताना मलाच विचारलं होतं, "काका, हा कुठला हो गणपती झाला?"

मी हसलो नाही. त्या बाईंची काय चूक? दोन दिवसांत आठ म्हटल्यावर असंच होणार.

त्या बाई आठवायचं कारण म्हणजे आमच्या चिरंजीवांनी केलेला युरोपचा आराखडा. चिरंजीव खराडीला नोकरीला. मेच्या अखेरीस आम्हा दोघांना, सूनबाईंना आणि दोन्ही नातवंडांना घेऊन युरोपला जायचं त्याच्या मनात आहे. दहा रात्री. अॅमस्टरडॅम दोन, ब्रुसेल्स एक, पॅरिस तीन, स्वित्झर्लंड तीन, व्हेनिस एक. आणि पॅरिसच्या तीन दिवसांत एक ओळ: "डिस्नेलँड, सकाळी ९ ते ५, संध्याकाळी सीन नदीतली बोट." नातू सात वर्षांचा, नात चार वर्षांची. दोघांना सगळ्या दौऱ्यातला हा एकच शब्द कळतो. तोच मुळी बोटीच्या आधी उरकायचा!

माझं म्हणणं मी त्याला सांगितलं आणि इथेही सांगतो. मुलं बरोबर असतील तर डिस्नेलँडला दोन रात्री द्या, आणि त्यासाठी यादीतलं एखादं शहर खुशाल खोडा. तेवढं जमत नसेल तर डिस्नेलँडच खोडा आणि मुलांना तसं आधीच सांगा. मधला मार्ग मला पटत नाही.

आता कारणं. मी मास्तर माणूस, महिनाभर नकाशा आणि वेळापत्रकं घेऊन बसलो होतो. पॅरिसचं डिस्नेलँड खरं तर पॅरिसमध्ये नाहीच. ते शहराच्या पूर्वेला सुमारे ३२ किलोमीटरवर, मार्न-ला-व्हॅले नावाच्या भागात आहे. १२ एप्रिल १९९२ रोजी सुरू झालं तेव्हा त्याला युरो डिस्ने म्हणत. २००२ साली शेजारी दुसरं उद्यान झालं, म्हणजे आता एका कुंपणाशेजारी दुसरं कुंपण. पॅरिसच्या मध्यातून 'आरईआर ए' नावाची लोकल निघते, ती चाळीसेक मिनिटांत थेट दारात सोडते. तिथेच ती लाइन संपते, त्यामुळे उतरायचं चुकायची भीती नाही. मग रोज पॅरिसहून जाऊन-येऊन का नको, असं चिरंजीवांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे.

उत्तर सूर्याकडे आहे. तिथल्या राजवाड्यावर रात्री रोषणाईचा आणि आतषबाजीचा खेळ होतो, तो अंधार पडल्यावर, उद्यान बंद होण्याच्या वेळेला. आणि मेच्या अखेरीस पॅरिसला सूर्य मावळतो साडेनऊनंतर! जूनमध्ये तर दहाच्या सुमारास. म्हणजे खेळ संपून गर्दीतून बाहेर पडेपर्यंत अकरा वाजणार. चार वर्षांची पोर खांद्यावर, सात वर्षांचा पायात घोटाळतोय, माझे गुडघे मला शिव्या देताहेत, आणि पुढे चाळीस मिनिटं लोकल. त्यापेक्षा एक स्टेशन अलीकडे व्हाल द'युरोप म्हणून आहे, तिथे स्वयंपाकघर असलेल्या खोल्या भाड्याने मिळतात. ओट्यावर खिचडी लावता येते हे ऐकल्यावर आमच्या हिने माझ्या बाजूने मत दिलं. (उद्यानात कोरडा खाऊ नेलेला चालतो, तेव्हा दशम्यांची सोयही झाली.)

सहल कंपन्यांबरोबर गेलेली आमची मित्रमंडळी सांगतात की त्यांना संध्याकाळीच बसमध्ये कोंबलं. ते कंपनीला नावं ठेवतात. पण मी वाचलं तेव्हा कळलं की युरोपात बसचालकाला रोज सलग अकरा तास विश्रांती द्यावी लागते. आठवड्यातून मोजक्या वेळा ती नऊ तासांवर आणता येते. ड्रायव्हरने रात्री बारा वाजता बस लावली तर दुसऱ्या दिवशी अकराच्या आत ती हलणार नाही, मग पुढच्या देशात पोचायचं कधी? म्हणून साडेपाचला शिट्टी. कायदा चांगलाच आहे. आपल्याकडे असा कायदा मनापासून पाळला तर पुणे-नगर रस्त्यावरची किती माणसं वाचतील! पण ते अवांतर झालं. मुद्दा असा की एका दिवसाच्या घाऊक सहलीत तो रात्रीचा खेळ बहुधा बसत नाही, आणि मुलं टीव्हीवर बघतात तो नेमका तोच राजवाडा, तोच उजेड.

आता आमच्या कट्ट्यावरचा आक्षेप. सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "युरोपात खरे किल्ले, खरी चर्चं सोडून खोटा राजवाडा बघायला दोन रात्री? गुरुजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." ते एकटे नाहीत. खुद्द फ्रान्समध्ये १९९२ साली आरियान म्नूश्किन या नाट्यदिग्दर्शिकेने त्याला 'सांस्कृतिक चेर्नोबिल' म्हटलं होतं. राजवाडा खोटा आहे हे कबूलच. पण करमणुकीची बाग ही काही अमेरिकेने युरोपवर लादलेली वस्तू नव्हे. कोपनहेगनचं तिवोली १८४३ सालचं आहे, आणि ते बघायला वॉल्ट डिस्ने स्वतः १९५१ साली गेला होता, कॅलिफोर्नियाचं पहिलं डिस्नेलँड उघडायच्या चार वर्षं आधी. हॉलंडमधलं एफ्टेलिंग हे परीकथांचं बन १९५२ सालचं. जर्मनीत रुस्ट नावाच्या गावात १९७५ पासून युरोपा पार्क आहे, ते काढणाऱ्या माक घराण्याचा मूळ धंदा गाड्या बांधायचा, अठराव्या शतकापासूनचा. म्हणजे आजोबांना इतिहास हवा असेल तर तोही तिथे सापडतो. पण मला खरं विचाराल तर इतिहासासाठी मी दोन रात्री मागत नाहीये.

१९८१ साली मी शाळेची सहल पुण्याला नेली होती. पाचवी-सहावीची चाळीस-पंचेचाळीस पोरं आणि एक लाल एसटी. आराखडा माझा, आणि त्याचा मला केवढा अभिमान! आळंदी, शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, पर्वती, आणि सर्वात शेवटी पेशवे पार्क. पेशवे पार्कात १९५६ पासून फुलराणी धावत होती, ती छोटी आगगाडी. पोरांना आळंदी पाहिलेली होती, शनिवारवाड्यात काय बघायचं ते त्यांना कळेना. ती सारखी विचारत होती, "सर, फुलराणी कधी?" आणि मी म्हणत होतो, "आधी अभ्यासाचं, मग खेळाचं." संग्रहालयात मी एकेक अडकित्ता समजावून सांगत बसलो. पर्वतीच्या पायऱ्यांवर दोघांच्या चपला तुटल्या. पेशवे पार्कात पोचलो तेव्हा दिवसाची शेवटची फेरी होऊन गेली होती. गाडी उभी होती, दिसत होती, पण बंद. एका मुलाने तिकिटाचे पैसे सकाळपासून मुठीत धरले होते. त्याने मूठ उघडून पैसे बघितले आणि खिशात टाकले. रडला वगैरे नाही. येताना बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत, एवढं आठवतं.

तो मुलगा आता नातवंडांचा आजोबा होईल अशा वयाचा आहे. एमआयडीसीत चांगली नोकरी केली, घर बांधलं. गेल्या वर्षी एका लग्नात भेटला, पाया पडला आणि चारचौघांत हसत म्हणाला, "सर, आपली फुलराणी राहिली हं अजून." सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

चिरंजीवांना ही गोष्ट मी सांगितली नव्हती, परवा सांगितली.

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. ब्रुसेल्सची एक रात्र आणि व्हेनिसची एक रात्र काढली तर अॅमस्टरडॅम दोन, पॅरिस तीन, व्हाल द'युरोप दोन, स्वित्झर्लंड तीन, बरोबर दहा. शिवाय व्हिसाचा घोळ सुटतो. शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाकडे मागायचा असतो. आधीच्या आराखड्यात फ्रान्स तीन आणि स्वित्झर्लंड तीन अशी बरोबरी, मग पहिलं पाऊल जिथे पडणार त्या हॉलंडकडे जायचं का, यावर घरात तीन दिवस खल चालला होता. आता फ्रान्स पाच, विषय संपला. सामानाची ओढाताणही कमी, कारण पॅरिसहून व्हाल द'युरोपला जाणारी लोकलच परत पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनात आणते, आणि स्वित्झर्लंडची वेगवान गाडी तिथूनच सुटते. वारसुद्धा मी धरून ठेवलाय, मंगळवार. शनिवार-रविवार नको, बुधवार नको (तिथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांना बुधवारी सुट्टी असते), आणि ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी येणारा सणाचा गुरुवार तर अजिबात नको. त्याला जोडून शुक्रवारीही दांडी मारायची फ्रेंचांची पद्धत आहे. हे वाचून मला ती माणसं एकदम जवळची वाटली.

आमच्या गावात भाद्रपदात महागणपतीची द्वारयात्रा असते. चार दिवस, चार दिशा, एका दिवशी एकच दिशा, पायी. चारही दिशा एका दिवसात गाडीने सहज होतील, पण तसं कुणी करत नाही. चिरंजीवांना मी हेही ऐकवलं. तो म्हणाला, "बाबा, युरोपला जायचंय, द्वारयात्रेला नाही." म्हटलं बरं.

सध्या घरात उंची मोजणं चालू आहे. डोंगरातल्या खाणगाडीला १०२ सेंटिमीटर उंची लागते, अवकाशातल्या अंधारगाडीला १२०. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा केल्यात. नात १०१ भरली, नातू ११८. तो रोज दाराच्या कडीला लोंबकळतो आणि संध्याकाळी मला मोजायला लावतो. हिला मात्र उंचीचं काही नाही. होडीत बसून बाहुल्या बघायच्या आणि राजवाड्याच्या तळघरातला ड्रॅगन बघायचा, एवढंच तिने ठरवलंय. मी विचारलं, आणखी काही? तर म्हणाली, "ती बागेभोवती फिरणारी वाफेची गाडी आहे ना, तिच्यात सकाळीच बसायचं. आधी ते, मग बाकीचं."

काल चिरंजीवांनी ब्रुसेल्स खोडलं. व्हेनिसवर सूनबाईंचं मत अजून यायचंय.