पाटीवरून आडनाव गेले, पुढे काय?



मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपले नेकनूर आहे. ह्याच रस्त्याने पुढे गेले म्हणजे मस्साजोग लागते. ९ डिसेंबर २०२४ रोजी तेथील सरपंच संतोष देशमुख ह्यांचे अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. त्यानंतरच्या महिन्यांत बीड जिल्ह्यात अशी स्थिती आली की, एखाद्याचे आडनाव कानी पडताच ऐकणारा त्याला मनातल्या मनात कोणत्या तरी एका बाजूला बसवून मोकळा होई. पोलीस खातेही ह्यातून सुटले नाही. अमुक अधिकारी कोणत्या जातीचा, तमुक ठाण्यात कोणत्या जातीचे किती, ह्याचे हिशेब चारचौघांत मांडले जाऊ लागले. अशा वेळी जिल्ह्याचे नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत ह्यांनी २०२५ च्या आरंभीच्या महिन्यांत एक लहानशी गोष्ट केली. सहकाऱ्यांनी एकमेकांना आडनावाने न हाकारता केवळ नावाने हाक मारावी, असे त्यांनी आपल्या खात्याला सांगितले आणि अधिकाऱ्यांच्या टेबलांवर आडनाव नसलेल्या पाट्या ठेवविल्या.

ह्या गोष्टीचा गौरव करणे सोपे आहे, आणि थट्टा करणे त्याहून सोपे आहे. परंतु ज्यांच्या आडनावापाशी पिढ्यानपिढ्या दारे लावून घेतली गेली, त्या आपण ह्या दोन्ही सोप्या वाटा सोडून तिचा विचार केला पाहिजे. आपल्यापैकी काही घरांत धम्मदीक्षेला आता तिसरी पिढी चालू आहे, तर काही घरांनी ती अगदी अलीकडे घेतली आहे. परंतु मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी बीडला, संभाजीनगरला, पुण्याला निघाली म्हणजे ह्या सर्व घरांत एकच धास्ती असते. गुण आहेत, पदवी आहे. समोर बसलेला साहेब आडनाव विचारून पुढे काय करील?

जातीचा उघड द्वेष करणारा माणूस आजही आहे. त्याच्यासाठी १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्यांची अंमलबजावणी करून घेण्याची लढाई आपल्याला चालूच ठेवावी लागणार आहे. पण दुसरा एक माणूस आहे आणि कचेऱ्यांतून त्याचीच संख्या मोठी आहे. तो कोणाला शिवी देत नाही. २६ नोव्हेंबरला तो संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचतो. 'मी जात मानत नाही' असे तो म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला तसे खरोखरीच वाटत असते. मात्र त्याच्यापुढे सारख्या पात्रतेचे दोन अर्ज आले की त्याचा हात एका अर्जाकडे आपोआप जातो. का गेला असे विचाराल तर तो सांगेल, 'हा उमेदवार आपल्या वातावरणात बसेल असे वाटले.' ते वातावरण कोणाच्या घरचे, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलेलाही नसतो.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. डॉ. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल ह्या संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग सुरू केला. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. अर्जांतील पात्रता सारखी. भेद फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदूचे, एक दलिताचे, एक मुसलमानाचे. उच्चवर्णीय नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याचा जो संभव होता, त्याच्या सुमारे दोनतृतीयांश दलित नावाला मिळाला आणि मुसलमान नावाला तर एकतृतीयांशच. हे अर्ज वाचणारे सारेच्या सारे जातिद्वेष्टे होते काय? मला तसे वाटत नाही. म्हणूनच ही गोष्ट अधिक गंभीर आहे. द्वेष्ट्याला ओळखता येते आणि त्याच्याशी लढता येते. परंतु ज्याला स्वतःचाच हात दिसत नाही, त्याच्याविरुद्ध फिर्याद तरी कोणत्या कलमाखाली नोंदवावी?

आता थोडे मागे वळून मुंबईच्या गिरण्यांकडे पाहू. गिरणीत सर्वांत चांगला पगार विणकाम खात्यात मिळे, आणि त्याच खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. गिरणीच्या नियमांत हे लिहिलेले नव्हते. कारण होते ते एका धोट्याचे. धोट्यातील कांडी संपली की विणकराने नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यायचे, अशी पद्धत होती. ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले, त्याला आपले ओठ कसे लावायचे, असे इतर कामगार म्हणत, आणि तेवढ्यावर हजारो माणसे आयुष्यभर कमी मजुरीच्या खात्यांत राहिली. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावयास लावली. हे पुढारी कामगारांचे शत्रू नव्हते. रात्रंदिवस कामगारांच्या एकजुटीचीच भाषा बोलणारी ती माणसे होती. तरीही आपल्याच एकजुटीतून कोण वगळले गेले आहे, हे दुसऱ्याने दाखविल्यावाचून त्यांना दिसले नाही.

पुढे दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तेथेही बाबासाहेबांनी अशाच एका न लिहिलेल्या नियमावर बोट ठेवले. आपला माणूस गँगमन होऊन रूळ ठोकीत राही, पण त्याला पोर्टर करीत नसत. कारण काय, तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत, आणि त्या घरात अस्पृश्य चालत नसे. रेल्वेचे काम करण्यास तो माणूस पात्र होता. अडत होते ते मास्तरांच्या स्वयंपाकघराशी!

गिरणीतही आडनावाच्या पाट्या नव्हत्या आणि रुळांवरही नव्हत्या. जात तेथे नावात बसलेली नव्हती. ती कामाच्या वाटणीत बसली होती. ह्यासाठीच टेबलावरची पाटी बदलली ह्यावर मी समाधान मानणार नाही. नावावरून नाही कळले तर गावावरून कळते, गावावरून नाही कळले तर वस्तीवरून. आणि आपल्याकडे तर नुसत्या पहिल्या नावावरूनही पुष्कळ कळते. सिद्धार्थ, गौतम, सुजाता, राहुल ही नावे आपण मोठ्या अभिमानाने ठेवली आहेत. ती कोणत्या पाटीखाली झाकणार?

तरीही काँवतांच्या पाटीला मी निरर्थक म्हणणार नाही. तिच्यातली एक गोष्ट मोलाची आहे. 'जात मानू नका' असा नुसता उपदेश करण्यापेक्षा खात्यातील एक व्यवस्था त्यांनी बदलली. बौद्धांना ह्या पद्धतीचे मोल कळावयास हवे, कारण संघाच्या इतिहासात तिचा फार जुना दाखला आहे. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय इत्यादी शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास तथागतांकडे गेले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा नापित उपाली होता. त्या कुमारांनी विनंती केली की, आमच्याआधी उपालीला प्रव्रज्या द्यावी. म्हणजे तो आम्हांला ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. आता आम्ही समतावादी झालो आहोत, आमच्या मनात काही राहिलेले नाही, असे ते म्हणाले नाहीत. आपला ताठा आपल्या सद्हेतूहून जुना आहे हे ओळखून त्यांनी रांगेचा क्रमच बदलून घेतला. तोच उपाली पुढे विनयाचा सर्वांत मोठा जाणकार ठरला.

आजच्या कचेरीत हा क्रम कसा बदलावा? अर्ज चाळणाऱ्याला नाव, आडनाव, गाव दिसू नये. आधी काम करवून पाहावे आणि मग माणूस पाहावा. मुलाखतीत सर्वांना सारखेच प्रश्न असावेत. 'घरी कोण कोण असते, वडील काय करतात' हे प्रश्न आपुलकीचे वाटतात. पण सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन ह्यांनी मोठ्या कंपन्यांच्या २५ भरती अधिकाऱ्यांशी केलेल्या चर्चांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, 'कौटुंबिक पार्श्वभूमी' ह्या सभ्य शब्दाच्या आडून जात आणि वर्गच विचारला जातो. ज्यांच्या बापाने दुसऱ्याच्या फडात कोयता चालविला, त्या मुलीने ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? खरे सांगितले तर पार्श्वभूमी कमी पडते आणि खोटे सांगितले तर मन खाते.

येथे एका गैरसमजापासून आपण सावध राहिले पाहिजे. आडनाव सगळीकडूनच पुसून टाका, नोंदच नको, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि वरवर पाहता ते आपल्या बाजूचे वाटतात. परंतु विणकाम खात्यात आपला एकही माणूस नाही, हे कोणी मोजले म्हणून सिद्ध झाले. १९६० मध्ये महाराष्ट्राने बौद्धांना सवलती दिल्या आणि १९९० मध्ये केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान दिले, तेही आपण कोण होतो ह्याची नोंद होती म्हणूनच. त्या नोंदीचा रकाना भरताना आपला हात जड होतो हे मला ठाऊक आहे. जी ओळख टाकून आपण बाहेर पडलो, तीच शासन पुन्हा विचारते. तरीही तो रकाना भरला पाहिजे. निवड करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जात नसावी आणि हिशेब करणाऱ्याच्या वहीत ती असावी. ह्या दोहोंची गल्लत झाली तर अन्याय चालूच राहील आणि त्याचा पुरावा मात्र नाहीसा होईल. तेव्हा ज्यांनी पाट्या बदलल्या त्यांनाच आपण सौजन्याने विचारावे: ठाण्यात स्टेशन डायरी कोण लिहितो, तपास कोणाकडे जातो, उन्हातान्हातला बंदोबस्त पुन्हा पुन्हा कोणाच्या वाट्याला येतो, ह्याचा वर्षाचा तक्ता खात्याने कधी मांडून पाहिला आहे काय?

आपल्यातील काही कुटुंबांनी राजपत्रात नोंद करून आडनावे बदलली आहेत. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पोटापाण्याच्या प्रश्नात दुसऱ्याच्या धैर्याची परीक्षा घेणे हा सभ्यपणा नव्हे. मात्र एवढे म्हणेन की, लपण्याचे ओझे ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्यावरच टाकणारी व्यवस्था अर्धवट आहे. नाव कोणतेही असो, लपण्याची जागा नेहमी अपुरी पडते. कचेरीत सत्यनारायण निघाला आणि वर्गणीची यादी टेबलावर आली की आपला मुलगा पुन्हा उघडा पडतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस त्या पूजेस बसणार नाही. मग 'हा आपल्यात मिसळत नाही' असा शेरा होतो, आणि तो शेरा बढतीच्या वेळी कोणाला तरी आठवतो; शेरा मारणाऱ्याला आपण काही वाईट केले असे वाटतही नाही. अशा वेळी आपल्या मुलांनी भांडू नये आणि माफीही मागू नये. 'मी ह्या विधीत भाग घेत नाही. पण त्या दिवशी तुमचे काम मी सांभाळतो,' असे सरळ सांगावे. कार्यालय सर्वांचे असेल, तर तेथे कोणाही एकाचा देव यजमान असू नये, एवढेच आपले म्हणणे आहे.

आणि आता स्वतःकडे पाहू या. वर सांगितलेल्या प्रयोगात सर्वांत कमी बोलावणी मुसलमान नावाला आली, हे वाचताना आपली नजर त्या आकड्यावर थांबली काय, की आपलाच आकडा वाचून ती पुढे गेली? नेकनूरच्या बाजारपेठेत आपण ज्यांच्या दुकानांत माल घेतो, ज्यांच्या शेजारी राहतो, त्यांच्या मुलांसाठी आपण काही मागितले आहे काय? रमजानच्या उपवासात कामाची वेळ थोडी मागेपुढे करून मिळावी, असे सहकाऱ्याने म्हटले तर १४ एप्रिलची सुटी हक्काने घेणारे आपण त्याच्या बाजूने उभे राहतो काय? मातंग घरचा मुलगा आपल्या अभ्यासिकेत येतो तेव्हा त्याला पुस्तक मिळते. पण तिच्या व्यवस्थापनात त्याला जागा मिळते काय? आपल्यापैकी जो हेडक्लार्क झाला, जो मुकादम झाला, जो मुख्याध्यापक झाला, त्याच्या हाताखालच्या झाडूवाल्या बाईला तो कोणत्या शब्दाने हाक मारतो?

ह्या पंधरवड्यात आपल्या विहाराच्या समितीची बैठक असेल, तर एक गोष्ट करून पाहावी. मागील वर्षभरात वंदना कोणी घेतली, व्याख्यान कोणी दिले, हिशेब कोणी ठेवला, सतरंज्या कोणी उचलल्या, भांडी कोणी घासली, ह्यांची नावे एका कागदावर लिहावीत. लिहिण्याचे काम एखाद्या भगिनीकडे द्यावे, आणि ती लिहीत असताना अध्यक्षांनी तिला मध्येच चहा करावयास उठवू नये.